दंतजन्य कोटरशोथ आणि हवेवाचून जगणारे जंतू

१

वरच्या जबड्याच्या हाडात, गालांच्या मागे, दोन्ही बाजूंस एकेक पोकळी असते. तिला ऊर्ध्वहनु-कोटर असे म्हणतात. ही पोकळी नाकाशी एका अरुंद रंध्राने जोडलेली असून ते रंध्र पोकळीच्या तळाशी नसते, वरच्या अंगास असते. त्यामुळे आत साचलेला स्राव आपल्या भाराने खाली वाहून जाऊ शकत नाही. पोकळीच्या अस्तरावरील सूक्ष्म रोम त्याला हळूहळू वर चढवून रंध्राकडे नेतात. नाकातील सर्दीने हे रंध्र सुजून बंद झाले म्हणजे स्राव आत कोंडतो व त्याचा पू होतो. कोटरशोथाची ही नेहमीची वाट होय.

परंतु या पोकळीला खालूनही एक वाट आहे. दुसरी उपदाढ आणि पहिल्या दोन दाढा यांची मुळे पोकळीच्या तळाला जवळजवळ भिडलेली असतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण छेदचित्रांच्या एका अभ्यासात दुसऱ्या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळाचे टोक कोटराच्या तळापासून सरासरी ०.८३ मिलिमीटर अंतरावर आढळले. काही माणसांत तर हाडाचा एवढाही पडदा उरत नाही. मूळ आणि पोकळी यांच्यामध्ये केवळ अस्तराची पातळ त्वचा असते. अशा ठिकाणी दाढ किडून तिच्या मुळाशी पू झाला, की त्याला बाहेर हिरडीकडे येण्यापेक्षा वर पोकळीत शिरणे अधिक सोपे जाते. या प्रकाराला दंतजन्य कोटरशोथ म्हणतात.

दाढेमुळे गालाच्या पोकळीत पू होतो, ही गोष्ट युरोपीय शल्यवैद्यांस सतराव्या-अठराव्या शतकांपासून ठाऊक होती. दातांवरील जंतू १६८३ मध्ये पाहिले गेले. जंतू वेगळे करून वाढविण्याची घन माध्यमाची रीत १८८१ मध्ये सिद्ध झाली. असे असूनही या विशिष्ट पुवात कोणते जंतू असतात, या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाचा शेवटचा चतुर्थांश उजाडावा लागला. हा विलंब साधनांच्या अभावाने झाला असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण आवश्यक ते मूलभूत ज्ञान १८९८ पर्यंत हाती आलेले होते. ते हाती येऊनही पाऊणशे वर्षे निरुपयोगी का राहिले, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

२

इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात शेरबोर्न येथे वैद्यकी करणारा नाथानिएल हायमोर (१६१३–१६८५) याने १६५१ साली हेग येथे आपला शरीररचनेवरील लॅटिन ग्रंथ छापविला व तो विल्यम हार्वी यास अर्पण केला. या ग्रंथातील वर्णनामुळे ऊर्ध्वहनु-कोटराला पुढे दीर्घकाळ हायमोरचेच नाव चिकटून राहिले. पोकळी प्रथम त्यानेच पाहिली असे मात्र नाही. लिओनार्दो दा व्हिंची याने १४८९ च्या सुमारास काढलेल्या कवटीच्या चित्रांत ती स्पष्ट दिसते. ती चित्रे अप्रकाशित राहिल्याने वैद्यकाच्या वाटचालीत त्यांचा उपयोग झाला नाही.

हायमोरने आपल्या वर्णनास एका रुग्ण स्त्रीची हकीगत जोडली आहे. वरचा एक दात काढताना तिच्या हाडाचा पातळ पापुद्रा सुटून आला व पोकळीस भोक पडले. त्यातून स्राव वाहत राहिला. तिने त्या भोकात शलाका घालून पाहिली, मग पिसाची काडी घातली, आणि ती बरीच आत गेलेली पाहून आपण थेट मेंदूपर्यंत पोहोचलो अशी तिची समजूत झाली. पोकळीची रचना समजावून देऊन हायमोरने तिची भीती घालविली. या हकीगतीचे महत्त्व असे, की दात आणि कोटर यांतील सान्निध्य शवविच्छेदनाच्या मेजावरून जिवंत रुग्णाच्या तक्रारीपर्यंत आले.

पुढच्या पिढीतील विल्यम काउपर याच्या उपचाराचे वर्णन जेम्स ड्रेकच्या १७०७ सालच्या ग्रंथात येते. दाढ उपटून तिच्या खोबणीतूनच पोकळीस छिद्र पाडावयाचे व पुवास खालून वाट करून द्यावयाची, असा तो उपचार होता. जॉन हंटर याने १७७८ मध्ये दंतरोगांवर लिहिताना या पोकळीतील गळवाचा स्वतंत्र विचार केला. त्याची वेदना दातदुखीसारखी भासते, हेही त्याने नोंदविले. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत अशा रीतीने रोगाचे स्थान, त्याची वाट आणि त्यावरील शस्त्रक्रिया या तिन्ही गोष्टी माहीत झाल्या होत्या. कारणाची कल्पना मात्र साचलेले द्रव्य कुजते, एवढ्यावरच थांबली होती.

या पुवाचा एक गुण मात्र कोणाच्याही लक्षात येण्यासारखा होता, तो म्हणजे त्याची दुर्गंधी. साध्या सर्दीतून झालेल्या कोटरशोथात स्राव पिवळा व दाट असला तरी त्याला असा वास क्वचितच येतो. दाढेतून झालेल्या कोटरशोथात तो पुष्कळदा असह्य असतो, आणि कित्येकदा एकाच नाकपुडीतून येतो. दुर्गंधीवरून नासारोग ओळखण्याची पद्धत जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोगांच्या गणनेत ‘पूतिनस्य’ हा रोग वेगळा मोजलेला आहे. त्या नावामागे आजचा दंतजन्य कोटरशोथ पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. वास हे रोगभेदाचे लक्षण मानले जात होते, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. तथापि पुढील सर्व चर्चेत हे लक्षण ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कारण प्रयोगशाळेला जे सापडत नव्हते, त्याची खूण रुग्णाजवळ उभ्या असलेल्या वैद्यास नाकाने मिळत होती.

३

जंतूंच्या बाजूचा इतिहास डेल्फ्ट येथील आंतोनी फान लेव्हेनहूक याजपासून सुरू होतो. १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्याने दातांच्या फटीतील पांढऱ्या मळात हालचाल करणारे सूक्ष्म जीव पाहिल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले व त्यांच्या आकृत्याही पाठविल्या. याहून कमी प्रसिद्ध असलेला त्याचा एक प्रयोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १६८० मध्ये त्याने मिरपूड घातलेले पावसाचे पाणी काचेच्या दोन नळ्यांत भरले. एक उघडी ठेवली व दुसरी तापवून बंद केली. काही दिवसांनी बंद नळी फोडल्यावर आतून वायू जोराने बाहेर आला आणि त्या पाण्यातही जिवंत प्राणी आढळले. हवा तोडली असता जीव जगू नयेत अशी त्याची अपेक्षा होती. या निरीक्षणाचा अर्थ लावण्यास पावणेदोनशे वर्षे लागली.

तो अर्थ लुई पाश्चरने लावला. ब्यूटिरिक आम्ल उत्पन्न करणाऱ्या किण्वनाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता, थेंबाच्या कडेचे, म्हणजे हवेला लागून असलेले जंतू निश्चल झाले आहेत आणि मध्यभागीचे मात्र चपळपणे हिंडत आहेत, असे त्याला दिसले. १८६१ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. मुक्त प्राणवायूवाचून जगणारे, इतकेच नव्हे तर त्याने ज्यांना अपाय होतो असे जीव आहेत, ही कल्पना तेव्हापासून शास्त्रात आली. अशा जंतूंना मराठीत अवायुजीवी म्हणता येईल.

याच सुमारास जंतुशास्त्राची मुख्य वाट मात्र निराळ्या दिशेने आखली जात होती. रॉबर्ट कॉखने १८८१ मध्ये घन माध्यमावर जंतूंच्या वेगवेगळ्या वसाहती वाढविण्याची रीत दाखविली. पुढील वर्षी जिलेटिनच्या जागी अगर आला. १८८७ मध्ये पेट्रीने आपली झाकणाची बशी तयार केली. या रीतीची थोरवी वादातीत आहे. परंतु तिच्या रचनेतच एक निवड दडलेली होती. बशीवरील माध्यमाचा पृष्ठभाग हवेस उघडा असतो, आणि हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के आहे. ज्या जंतूंना एवढा प्राणवायू सोसतो तेच त्या पृष्ठावर वाढणार. बाकीचे, संख्येने कितीही असले तरी, वाढणार नाहीत.

बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी डेटन मिलर (१८५३–१९०७) यास ही विसंगती प्रत्यक्ष भेटली. मुखातील सूक्ष्मजंतूंवरील त्याचा ग्रंथ १८८९ मध्ये जर्मनमध्ये व १८९० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. कॉखच्या पद्धतीत तयार झालेल्या या संशोधकाने मुखातील अनेक जंतू वाढविले, पण त्याचबरोबर काही जातींची यादी अशी दिली, की ज्या सूक्ष्मदर्शकाखाली दातांच्या मळात नित्य दिसतात आणि संवर्धनात कधीच उगवत नाहीत. दृष्टी आणि संवर्धन यांच्यातील ही तफावत त्याने लपविली नाही. पुढील पिढ्यांनी मात्र ‘न उगवणारे’ या शब्दाचा अर्थ हळूहळू ‘विचारात न घेण्याजोगे’ असा करून टाकला.

४

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये या कोड्याचे उत्तर जवळजवळ पूर्णपणे मिळाले होते. आद्रियँ व्हेयाँ याने १८९३ मध्ये दुर्गंधी पुवातून हवेवाचून वाढणारा एक गोलाणू वेगळा केला व त्याच्या नावातच दुर्गंधीचा निर्देश केला. १८९८ मध्ये व्हेयाँ आणि झ्युबेर यांनी आंत्रपुच्छाच्या व इतर कोथयुक्त पुवांतील केवळ अवायुजीवी जंतूंचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एदुआर रिस्त याने कानातून उद्भवणाऱ्या पुवांची अशीच तपासणी केली. जेथे पू दुर्गंधी तेथे अवायुजीवी जंतू, हे सूत्र या फ्रेंच शाखेने घालून दिले. दुर्गंधीचे कारण आज रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता येते : हे जंतू प्रथिने व शर्करा प्राणवायूवाचून मोडतात, आणि त्यातून ब्यूटिरिक आम्लासारखी बाष्पशील आम्ले व हायड्रोजन सल्फाइडासारखे गंधकयुक्त वायू निघतात. वैद्याच्या नाकास जाणवणारा वास हा अशा रीतीने जंतूंच्या श्वसनपद्धतीचाच पुरावा होता.

कान आणि कोटर हे शेजारी अवयव आहेत. तेव्हा १८९८ नंतर दहा-पंधरा वर्षांत दंतजन्य कोटरशोथाचा जंतुविचारही पूर्ण व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. त्याची कारणे एक नसून चार आहेत, आणि ती परस्परांना बळ देणारी आहेत.

पहिले कारण शस्त्रक्रियेच्या प्रगतीत आहे. १८९३ मध्ये न्यूयॉर्कचा कॉल्डवेल व १८९७ मध्ये पॅरिसचा ल्यूक यांनी सुळ्याच्या मुळावरील हाडातून पोकळी उघडून तिला नाकात नवीन वाट करून देण्याची शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे मांडली. काउपरची दाढेच्या खोबणीतील वाट मागे पडली. नव्या शस्त्रक्रियेने पोकळी चांगली दिसे व साफ करता येई. परंतु पूर्वी शल्यवैद्याचा हात अपरिहार्यपणे दाढेवर पडत असे, तो आता पडेनासा झाला. रोगाचे क्षेत्र नाकाच्या वैद्याकडे आणि दातांचे क्षेत्र दंतवैद्याकडे, अशी जी वाटणी त्याच काळात दृढ होत होती, तिला या बदलाने हातभार लावला.

दुसरे कारण संवर्धनाच्या तंत्रातील अडचणीचे होय. मॅकिंटॉश आणि फिल्डेस यांनी १९१६ मध्ये प्राणवायू काढून टाकणारी बरणी तयार केली, आणि ती बऱ्याच प्रयोगशाळांत रुळली. पण नमुना घेणे, तो प्रयोगशाळेत पोहोचविणे व माध्यमावर पसरणे या सर्व क्रिया उघड्या हवेतच चालत. १९६९ मध्ये लोशे याने दाखविले, की अवायुजीवी जंतूंची प्राणवायू सोसण्याची शक्ती सारखी नसते : काहींची वाढ ०.५ टक्क्याहून अधिक प्राणवायूत होतच नाही, तर काही २ ते ८ टक्क्यांपर्यंत तग धरतात. यावरून जुन्या निष्कर्षांतील चंचलता समजते. एकाच प्रकारच्या पुवातून एका प्रयोगशाळेस अवायुजीवी जंतू मिळत, दुसरीस काहीच मिळत नसे; नमुना बरणीत शिरण्यापूर्वी किती वेळ गेला यावर निकाल अवलंबून राही. असे अस्थिर निष्कर्ष कोणत्याही शास्त्रात विश्वासास पात्र ठरत नाहीत.

तिसरे कारण सिद्धांताचे आहे. कॉखच्या परंपरेत एका रोगास एक जंतू, ही अपेक्षा होती. तो जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून त्याने रोग पुन्हा उत्पन्न करता आला पाहिजे. दंतजन्य पुवात मात्र अनेक जाती एकत्र आढळत आणि त्यांपैकी एकट्या जातीने प्राण्यांत रोग होत नसे. शिवाय हे सर्व जंतू निरोगी मुखातही राहतात. म्हणून पुवात ते दिसले तरी ते तोंडातून मिसळलेले भेसळीचे जंतू समजून सोडून देण्याकडे कल होता. ही शंका निराधार नव्हती. नाकातून किंवा तोंडातून घेतलेला नमुना खरोखरच दूषित असू शकतो. परंतु योग्य शंकेचे रूपांतर सोयीच्या नियमात झाले, की ती तपासाला पोषक न राहता तपास टाळण्याचे निमित्त होते.

५

चौथे कारण अधिक दुःखद आहे आणि त्याचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. दातांच्या जंतूंकडे वैद्यकाचे अजिबात लक्ष गेले नाही असे नाही. एका कालखंडात ते अतिरेकाने गेले. लंडनचा वैद्य विल्यम हंटर याने १९०० पासून मुखातील पूतिदोष हे अनेक रोगांचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले आणि १९१० मध्ये माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात ते जोराने मांडले. अमेरिकेत फ्रँक बिलिंग्ज याने १९१२ च्या सुमारास त्याला ‘केंद्रीय संसर्गा’च्या सिद्धांताचे रूप दिले : शरीरात एखाद्या जागी, विशेषतः दात किंवा टॉन्सिल यांत, जंतूंचे लहानसे ठाणे असते आणि तेथून सांधे, हृदय, मूत्रपिंडे यांस रोग पोहोचतो.

या सिद्धांतात तथ्याचा अंश होता. परंतु प्रमाण मागण्याची शिस्त सुटल्याने त्याचे पर्यवसान असंख्य निरोगी दात उपटण्यात झाले. न्यू जर्सीमधील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयात हेन्री कॉटन याने तर वेडाचे कारण जंतूंचे ठाणे होय असे धरून रुग्णांचे दात व टॉन्सिल काढले, कोटरे उघडली आणि पुढे मोठ्या आतड्यावरही शस्त्रक्रिया केल्या. त्यांत अनेक रुग्ण दगावले. ज्यांची संमती घेण्याचा प्रश्नही उपस्थित केला गेला नाही अशा माणसांवर हा प्रयोग झाला, ही गोष्ट या इतिहासात गाळता येत नाही. १९३८ मध्ये सेसिल व अँजव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचे विश्लेषण करून दात व टॉन्सिल काढल्याने त्या रोगात गुण येत नाही असे दाखविले, आणि १९४० मध्ये रायमन व हॅवन्स यांच्या समीक्षेने त्या सिद्धांताचा पाया ढासळला.

यानंतरची प्रतिक्रिया स्वाभाविक होती. दाढेचे मूळ आणि एखादा दूरचा रोग यांचा संबंध जोडणे हे भोळेपणाचे लक्षण मानले जाऊ लागले. या प्रतिक्रियेत दाढ आणि तिला लागूनच असलेली पोकळी यांचा संबंधही झाकोळला गेला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. वास्तविक दोन्ही प्रतिज्ञांत मोठे अंतर होते. दाढेतील जंतूंनी गुडघा सुजतो हे विधान रक्तमार्गाच्या एका लांब साखळीवर अवलंबून होते. दाढेतील जंतूंनी तिच्यावरची पोकळी सडते हे विधान मिलिमीटरभर हाडावर अवलंबून होते, आणि ते हाड उघडून पाहता येत होते. बाउअर याने १९४३ मध्ये शवांतील ऊतींचे सूक्ष्म छेद तपासून असे दाखविलेही होते, की हाडास भोक न पडताही दाढेच्या मुळाकडील दाह हाडातील मज्जेच्या व वाहिन्यांच्या वाटेने पोकळीच्या अस्तरात पोहोचतो.

याच दशकात पेनिसिलिन आले. मुखातील अवायुजीवी जंतू त्या काळी बहुतांशी पेनिसिलिनला बळी पडत, त्यामुळे जंतू कोणता हे न ओळखताही पुष्कळ रुग्णांस उतार पडे. औषध गुणकारी असले म्हणजे निदानाची निकड कमी होते. दाढ जागेवर ठेवून दिलेल्या औषधाने पू ओसरे, आणि काही महिन्यांनी परत येई; तेव्हा त्याला जुनाट कोटरशोथ हे नाव मिळे.

६

परिस्थिती पालटली ती वैद्यकाच्या बाहेरून. गुरांच्या जठरातील सेल्युलोज पचविणाऱ्या जंतूंचा अभ्यास करीत असता रॉबर्ट हंगेट याने १९५० मध्ये एक तंत्र प्रसिद्ध केले : माध्यम तयार करण्यापासून जंतू पेरण्यापर्यंत प्राणवायूविरहित वायूचा प्रवाह चालू ठेवावयाचा आणि नळीच्या आतल्या भिंतीवर अगराचा पातळ थर फिरवून त्यातच वसाहती वाढवावयाच्या. जंतूस हवा एक क्षणही लागू द्यावयाची नाही, हे या तंत्राचे सार होय. व्हर्जिनियातील ब्लॅक्सबर्ग येथील प्रयोगशाळेने त्यात सुधारणा करून ते वैद्यकाच्या उपयोगास आणले व १९७२ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली. १९६९ मध्ये हातमोजे बसविलेल्या बंद पेटीत हिरडीतील जंतू वाढविण्याची सोपी रीतही प्रसिद्ध झाली. वनस्पतिभक्षक प्राण्याच्या पोटातील शोधाने माणसाच्या दाताचे कोडे सुटावे, हा विज्ञानाच्या इतिहासात नेहमी आढळणारा आडवळणाचा प्रवास आहे.

एकीकडे मिश्र संसर्गाची कल्पनाही प्रयोगाने सिद्ध होत होती. मॅकडोनल्ड, सॉक्रान्स्की व गिबन्स यांनी १९६३ मध्ये गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत मुखातील जंतूंचे योग्य मिश्रण टोचले असता पू होई, एकेकटे टोचले असता होत नसे. आणि त्या मिश्रणात एक काळा रंगद्रव्यधारी जंतू महत्त्वाचा ठरला. ऑलिव्हर व व्हेरी यांनी १९२१ मध्ये वर्णिलेला हाच जंतू पुढे बॅक्टेरॉइडीस मेलॅनिनोजेनिकस या नावाने ओळखला गेला. त्याला वाढण्यासाठी रक्तातील हेमिन आणि ‘के’ जीवनसत्त्वासारखे द्रव्य लागते, आणि हे दुसरे द्रव्य त्याला शेजारच्या जंतूंकडून मिळू शकते. शेजाऱ्यांपासून तोडून शुद्ध केल्यावर तो वाढेनासा का होतो, याचा उलगडा यातून झाला. शुद्ध संवर्धनाचा आग्रह येथे जंतूच्या स्वभावाशीच विसंगत होता.

दाढेच्या मुळाशी जंतू खरोखर कारण असतात का, या प्रश्नाचा निर्णयही याच सुमारास लागला. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांनी १९६५ मध्ये जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांची दंतमज्जा उघडी पाडली. ती सडली नाही, उलट तिच्यावर नवे दंतद्रव्य तयार झाले. नेहमीच्या उंदरांत मात्र मज्जा मरून गळू झाला. स्वीडनमधील उमिओ येथे सुंडक्विस्ट याने १९७६ च्या प्रबंधात आघाताने मज्जा मेलेले पण बाहेरून अभंग असे ३२ दात तपासले. मुळाशी हाड झिजलेल्या १९ दातांपैकी १८ दातांत जंतू मिळाले. मिळालेल्या ८८ प्रकारांपैकी केवळ ५ प्रकार हवेत वाढू शकले. जुन्या रीतीच्या बशीवर हेच नमुने पेरले असते तर बहुतेक दात निर्जंतुक ठरले असते.

औषधाच्या बाजूनेही एक पुरावा आला. डी. एल. एस. शिन याने १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात कळविले, की ट्रायकोमोनास या परजीवीच्या उपद्रवासाठी मेट्रोनिडाझोल घेणाऱ्या एका स्त्रीचा हिरड्यांचा व्रणयुक्त दाहही त्याच औषधाने बरा झाला. ज्या औषधाचा परिणाम प्रामुख्याने हवेवाचून जगणाऱ्या जीवांवर होतो, त्याने हिरडीचा रोग जावा, हे त्या रोगातील जंतूंच्या स्वभावाचे अप्रत्यक्ष निदानच होते.

७

कोटराच्या पुवाकडे ही नवी तंत्रे १९७० नंतर वळली. फ्रेडरिक व ब्रॉड यांनी १९७४ मध्ये जुनाट कोटरशोथाच्या शस्त्रक्रियेत मिळालेले नमुने काळजीपूर्वक वाढवून त्यांत अवायुजीवी जंतूंचा मोठा वाटा दाखवून दिला. विशेषतः दंतजन्य प्रकाराविषयी निर्णायक काम इट्झाक ब्रूक याचे आहे. १९९६ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांत दाढेच्या मुळाशी असलेला गळू आणि त्याच बाजूचे कोटर या दोन्ही ठिकाणांचा पू स्वतंत्रपणे काढून तपासला. पाचही रुग्णांत संसर्ग मिश्र होता आणि दोन्ही ठिकाणच्या जंतूंत लक्षणीय साम्य आढळले. हायमोरच्या रुग्ण स्त्रीने पिसाची काडी घालून जो मार्ग चाचपला होता, तोच मार्ग जंतूंनी घेतला असल्याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुढील अभ्यासात दंतजन्य कोटरशोथाचे २० तीव्र व २८ जुनाट रुग्ण होते. तीव्र गटात १० रुग्णांत केवळ अवायुजीवी, ८ रुग्णांत मिश्र आणि २ रुग्णांत केवळ हवेत वाढणारे जंतू मिळाले; जुनाट गटात हेच आकडे अनुक्रमे ११, १४ व ३ असे होते. म्हणजे दोन्ही गटांत दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ रुग्णांत अवायुजीवी जंतू उपस्थित होते. त्यांत ग्रॅम-ऋण दंडाणू, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस आणि फ्यूजोबॅक्टेरियम हे प्रमुख. नाकाच्या वाटेने होणाऱ्या तीव्र कोटरशोथात जे न्यूमोकॉकस व हीमोफिलस इन्फ्लुएन्झी हे जंतू अग्रभागी असतात, त्यांना येथे गौण स्थान होते. रुग्णसंख्या मोठी नसल्याने प्रत्येक आकड्यावर भार देणे योग्य नाही. पण दोन्ही गटांचा कल एकच आहे आणि दंतमज्जेवरील स्वतंत्र संशोधनाशी तो जुळतो.

या जंतूंची नावेही या काळात बदलली. मुखातील रंगद्रव्यधारी बॅक्टेरॉइडीस जातींची पुनर्मांडणी होऊन १९८८ मध्ये पॉर्फिरोमोनास व १९९० मध्ये प्रीव्होटेला या नव्या प्रजाती निर्माण झाल्या. जुने व नवे निष्कर्ष ताडून पाहताना ही नामांतरे ध्यानात न घेतल्यास एकच जंतू दोनदा मोजला जाण्याचा किंवा मुळीच न मोजला जाण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे पेनिसिलिनचा नाश करणारे विकर उत्पन्न करणारे प्रीव्होटेला व फ्यूजोबॅक्टेरियम यांचे प्रकार पुढे आढळू लागल्याने, जंतू न ओळखता उपचार करण्याची जुनी सोयही उरली नाही.

रोगाचे प्रमाणही नव्याने मोजावे लागले. ऊर्ध्वहनु-कोटरशोथांपैकी १० ते १२ टक्के दंतजन्य असतात, हा आकडा १९६० च्या दशकापासून ग्रंथांतून पुनरुक्त होत आला. १९९८ मध्ये दातांसाठी शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताचे छेदचित्रण उपलब्ध झाले व मुळाच्या टोकाजवळील लहान विकृती दिसू लागल्या. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत केवळ एकाच बाजूच्या कोटरशोथात दंतजन्य कारणाचा वाटा याहून कितीतरी अधिक निघाला. साध्या क्ष-किरण चित्रात निर्दोष दिसणारी दाढ या चित्रणात सदोष ठरल्याची उदाहरणे थोडी नाहीत. अशा रुग्णांपैकी काहींची कोटरे पूर्वी शस्त्रक्रियेने साफ करूनही पू पुन्हा होत असे, कारण त्याचे उगमस्थान जागच्या जागी राहिलेले असे.

८

या इतिहासातून अभ्यासकाने घ्यावयाचा मुद्दा तंत्राच्या स्तुतीचा नाही. प्रत्येक तंत्र काही प्रश्नांना उत्तर देते आणि काही प्रश्न न विचारताच निकालात काढते. ‘वाढ झाली नाही’ हा शेरा बशीविषयीचे विधान आहे. पुवाविषयीचे विधान म्हणून तो वाचला गेला, आणि रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली. पुवाची दुर्गंधी सर्वांना जाणवत असताना ती अहवालात नोंदविण्याजोगी वस्तुस्थिती मानली गेली नाही, कारण ती मोजता येत नव्हती.

दुसरीकडे केंद्रीय संसर्गाचे प्रकरण उलट्या दिशेचा धोका दाखविते. तेथे जंतू सापडणे एवढेच रोगाच्या कारणाचे प्रमाण मानले गेले. आजच्या संशोधनात संवर्धन न करता नमुन्यातील सर्व जंतूंचे जनुकद्रव्य वाचता येते. मिलरने ज्यांना न उगवणारे म्हटले त्यांच्यासारख्या जंतूंचीही ओळख त्यामुळे पटते. पण ही पद्धत मेलेला आणि जिवंत, वाटसरू आणि रहिवासी, यांच्यात आपोआप भेद करीत नाही. बशीने जे थोडे सांगितले त्याच्यापेक्षा ही पद्धत कदाचित अधिक सांगेल, आणि त्यातील निवड करण्याचे काम पुन्हा संशोधकाच्याच विवेकावर येईल.

२०२१ मध्ये या रोगाच्या निदानाविषयी नासावैद्य व दंतवैद्य यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे एकमताचे निवेदन प्रसिद्ध झाले. नाकाची दुर्बिणीने तपासणी आणि दातांची स्वतंत्र तपासणी या दोन्हींशिवाय निदान पुरे होत नाही, हे त्यात मान्य केले आहे. एकाच बाजूचा रोग, मुखातील जंतूंचे संवर्धनात आढळणे आणि दुर्गंधी यांना संशय बळावणाऱ्या लक्षणांत स्थान दिले आहे. १८९३ आणि १८९७ च्या शस्त्रक्रियांच्या काळात नाक व दात यांची जी फारकत झाली होती, ती मिटविण्याचा हा औपचारिक प्रयत्न म्हणता येईल. त्याची कसोटी निवेदनात लागणार नाही. जुनाट कोटरशोथाचा रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर दुसऱ्यांदा येण्यापूर्वी त्याची दाढ कोणी तपासली का, यात ती लागेल.